भंगारप्पा, अंक तिसरा

वडगावात माझं झेरॉक्सचं दुकान.
आधी पाट्या रंगवायचो. मग फ्लेक्स आले,
रॉकेल आटलं, ब्रश डब्यातच कडक झाले.

शनिवारी शाळा सुटली की तिघं येतात.
रेणुका कोपर्डे, चित्रं हिची.
मुनाफ, ज्याच्या बापाचा गाडा आणि तराजू.
आणि शिवलीला हुक्केरी,
जी कानडीत लिहिते आणि मराठीत भांडते.

"काका, बारा पानं, पाच कॉप्या.
काळं जास्त पाडू नका की,
मागच्या खेपेला भंगारप्पाचं नाकच गेलं."

भंगारप्पा म्हणजे यांचा रोबो.
डोकं कुकरचं, शिट्टीसकट.
एक डोळा लुनाचा दिवा, दुसरा अजून मिळायचाय.
बोटं कांड्यांची, बंद पडलेल्या मागावरच्या.
छाती उद्यमबागच्या फाउंड्रीतली,
भोक पडलं म्हणून परत आलेलं कास्टिंग.
त्या भोकातच काळीज:
भिंतीवरच्या घड्याळाचा सेल, संपत आलेला,
म्हणून तो दर चौथ्या पानावर झोपतो.

पहिल्या अंकात त्यानं नाल्यातून दुधाच्या पिशव्या काढून
भाजीवालीला छत्री शिवली.
दुसऱ्यात कुंद्याच्या खोक्यांचं चिमण्यांसाठी गाव वसवलं.
एका खोक्यात कुंदा उरला होता म्हणे,
तो कुणी खाल्ला, यावर दोन पानं.

तिसरा अंक मशीनवर पालथा घालताना
माझा हात थांबला.

तुरमुरीचा ढीग. वर घारी.
भंगारप्पा कचरा निवडतोय, फुग्यात दोनच ओळी:
ओला का सुका?
हसी का ओण?
केळीची साल इकडे. तुटकी चप्पल तिकडे.
मग ढिगाखाली पाट्या लागतात,
वाकवलेल्या, काहींवर डांबर,
कानडी पाटीवर मराठी पाटी पालथी,
तिच्यावर परत कानडी.
इथं भंगारप्पा पहिल्यांदाच गप्प.
पान अख्खं. फुगा आहे, आत काही नाही.

"इथं लिहायचं राहिलं काय गं?"
"नाही, तो विचार करालाय."
"कुठल्या भाषेत?"
सुट्टे नाहीत म्हटल्यावर गिऱ्हाईक बघतं,
तशी शिवलीला माझ्याकडं बघते.
"काका, विचार करताना फुगा रिकामाच असतोय."

सगळ्यात खालच्या पाटीवर अर्धंच नाव.
'ळ स्टोअर्स'.
तो ळ, दोन्ही पोटं सारखी न आलेला,
डावं जरा सुटलेलं.
गोकुळ स्टोअर्स. खडेबाजार.
शंभर ठरले होते, चाळीस अजून यायचेत.

"हा कुठं बघितलास?"
रेणुकानं मुनाफकडं बोट केलं.
"आमच्या छपरावर हाय," मुनाफ म्हणाला,
"पत्रा चांगला म्हणून अब्बांनी विकला नाही."
"ळ आमच्यातही आहे," शिवलीला म्हणाली,
"दिसायला वेगळा. जीभ तिथंच वळते."
तिघांनी एकदम ळ ळ ळ करून बघितलं.
समोरचा गिरणीवाला बाहेर येऊन
कुणाला काय झालं बघून गेला.

शेवटच्या पानावर त्या पाट्यांची घसरगुंडी.
पोरं अक्षरांवरून खाली येतात,
चड्डीला रंग, थोडं डांबर,
कुणाच्या आईचा आवाज चौकटीबाहेरून.
भंगारप्पा शिडीशी टेकून झोपलाय,
तेवढ्यात सेल संपला असावा.

साठ रुपये झाले.
पन्नास दिले, दहा पुढच्या शनिवारी.
बिघडलेल्या कॉप्याही मोजून घेतल्या,
मागची बाजू कोरी असते, चौथा अंक तिच्यावर.

जाता जाता मुनाफ वळला.
झाकणाखालून उजेड सरकत जातो
तिथं डोकावून म्हणाला,
"काका, हे मशीन बंद पडलं की
दिवा आम्हाला द्या. दुसऱ्या डोळ्याला."

"नवं आहे रे, हप्ते चालू आहेत अजून."

"असू दे की," म्हणाला,
"आम्ही थांबतो."